व्यायाम डोळ्यांचा, दुखणे मेंदूचे

अर्धांगवायूच्या रुग्णाला ‘डोळ्यांचे व्यायाम’ म्हणून बुबुळे वर-खाली करायला, गोल फिरवायला सर्रास सांगितले जाते. व्यायामाला आमचा विरोध नाही. पण तो कशासाठी हे न सांगता दिला, तर व्यायाम आणि तोडगा यांत फरक काय राहिला?

काही रुग्ण ताटातला डावीकडचा घास तसाच ठेवतात, वाचताना ओळीच्या सुरुवातीचे शब्द गाळतात. घरच्यांना वाटते, डावा डोळा गेला. वर्गात विद्यार्थ्यांना डावा डोळा झाकून फळ्याच्या मध्यावर नजर ठेवायला सांगा. फळ्याची डावी बाजू दिसतच राहते! कारण डाव्या बाजूचे दृश्य दोन्ही डोळे टिपतात आणि त्याचे संदेश मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे जातात. तिथे इजा झाली की डोळे शाबूत असूनही डावीकडचे दिसेनासे होते. काहींना दिसू शकते, पण लक्षच तिकडे वळत नाही.

१९७८ साली बिसियाक आणि लुझात्ती यांनी इटलीतील मिलानच्या अशा रुग्णांना तिथला प्रसिद्ध चौक मनात आणून वर्णन करायला सांगितले. त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. चौकाच्या समोरच्या टोकाला उभे आहोत अशी कल्पना करताच मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या! इथे बुबुळे फिरवून काय साधणार?

उपचारतज्ज्ञ पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावतात आणि प्रत्येक ओळीआधी नजर तिथपर्यंत न्यायला शिकवतात. यात स्नायू बळकट होत नाहीत, शोधण्याची सवय लागते. गेलेली दृष्टी त्याने परत येते असे मात्र कोणी सांगू नये. कोक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यातही अशा सरावाच्या बाजूचा पुरावा मर्यादितच आढळला.

मग उपयोग झाला हे ओळखायचे कसे? फलटणकरांना कमला निंबकर हे नाव बालभवन शाळेमुळे परिचित आहे. कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. रुग्णाला त्याची रोजची कामे पुन्हा करता यावीत, हा या शास्त्राचा गाभा. म्हणून व्यायाम किती वेळा केला हे मोजत बसण्यापेक्षा ताटातली डावीकडची भाजी खाल्ली गेली का, रस्ता ओलांडताना डावीकडे पाहिले का, हे पाहावे. शिक्षकांनी हा प्रश्न गावातल्या घरांपर्यंत पोचवावा, असे आम्हाला वाटते.