खलनायक नसलेला प्रबंध

प्रबंध हा चाळायचा असतो, वाचायचा नसतो, असा आपल्याकडचा समज. मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यापलीकडे त्याला वाचक मिळत नाही. पुढच्या एखाद्या विद्यार्थ्याने संदर्भसूचीपुरता उघडला तर नशीब. अशा लेखनाचं रसग्रहण करायचं म्हटलं की भुवया उंचावणारच. पण अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा केंब्रिज विद्यापीठातला एम. लिट.चा प्रबंध हा समज मोडून काढतो. १९२४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स’ या नावाने प्रसिद्ध केला, तेव्हा गाडगीळ जेमतेम तेविशीत होते.

उद्योगांचा इतिहास सांगायचा तर गिरण्यांच्या धुराड्यांपासून सुरुवात करण्याचा मोह कुणालाही झाला असता. गाडगीळ आधी शेतात जातात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटतं, कापसाचा भाव चढतो, दख्खनच्या कुणब्याच्या हातात पैसा येतो आणि त्याची पतही वाढते. युद्ध संपतं, भाव कोसळतो, कर्ज मात्र तिथंच राहतं. १८७५ साली सुप्याला सावकारांची कर्जखतं जळाली आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यात आलं, ही हकीकत इकडच्या वाचकाला ठाऊक असते. गाडगीळ ती दंग्याच्या थराराने सांगत नाहीत. समुद्रापलीकडचं युद्ध आणि पारनेर-श्रीगोंद्यातलं कर्जखत एकाच साखळीत बसवून दाखवतात. पाठोपाठ १८७६-७८चा दुष्काळ येतो. प्रत्येक कालखंडात शेतकरी पुन्हा हजर होतो. कारखान्यांची गोष्ट त्याला वगळून पुढं सरकतच नाही. प्रबंधाची ही बांधणीच त्याचं अर्धं म्हणणं सांगून जाते.

सर्वांत रसाळ भाग हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाचा. ‘मँचेस्टरच्या कापडाने आमचा विणकर मारला’ हे वाक्य त्या काळी सभासभांतून गाजत होतं. तरुण गाडगीळ ते खोडत नाहीत, पण त्याची गाठ सोडवायला बसतात. आधी संस्थानिकांचे दरबार गेले, म्हणजे उंची मालाचं गिऱ्हाईक गेलं. मग परकी राज्याबरोबर नव्या शिकलेल्या वर्गाची आवड बदलली. कारागिरांच्या संघटना खिळखिळ्या झाल्या, मालाच्या दर्जावर कुणाची नजर उरली नाही. यंत्राचा माल या सगळ्याच्या जोडीला आला. कारणांचा हा क्रम वाचताना एखाद्या कसलेल्या वैद्याने नाडी धरावी तसं वाटतं. शोकगीत होऊ शकणाऱ्या विषयाचं इथं निदान होतं, आणि तरी दुःख कमी होत नाही. खलनायक एकटा नाही, हे कळल्यावर ते उलट वाढतं.

गावातल्या बलुत्यांकडे पाहतानाही हाच स्वभाव दिसतो. ‘कारागीर’ असा एकच गठ्ठा ते बांधत नाहीत. रासायनिक रंग आले तेव्हा रंगाऱ्याचं काय झालं, घरात पितळेची भांडी शिरली तेव्हा कुंभाराचं काय झालं, हे वेगवेगळं पाहिलं जातं. एकाचं बुडणं दुसऱ्याचं तरणं असू शकतं, हे त्यांना दिसतं.

शहरांच्या वाढीवरचं विवेचन तर नगरच्या केडगावात बसून वाचावं. हिंदुस्थानातली शहरं केवळ कारखान्यांमुळे फुगली नाहीत. रेल्वे, दुष्काळ आणि भूमिहीन झालेला मजूर यांचाही त्यात मोठा वाटा आहे, असं गाडगीळ मांडतात. दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून गेला तोही १८७०च्या दशकातल्या त्या दुष्काळाच्याच सुमारास. पुणे रस्त्यावरचं केडगाव आज महापालिकेत आहे. कोरडवाहू गावांतून निघालेल्या माणसांनी शहराच्या कडेला भाड्याची खोली धरायची, ही रीत शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पानांवर ओळखीची वाटते.

गाडगीळांच्या प्रबंधाच्याच सुमारास, १९२३ साली, लंडनमध्ये डॉ. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध छापून आला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की अर्थशास्त्राला एकच आवाज नसतो हे लक्षात येतं. आंबेडकर खटला चालवतात, केन्ससारख्या मातब्बर अर्थतज्ज्ञाला उलटतपासणीत घेतात. त्यांच्या युक्तिवादात वीररस आहे. गाडगीळ आवाज चढवत नाहीत. त्यांच्या संयमाचीही एक गोडी आहे, फक्त ती उशिरा लागते.

उणीव सांगायची तर, या प्रबंधातला शेतकरी स्वतः बोलत नाही. केंब्रिजमध्ये बसून सरकारी अहवाल आणि खानेसुमारीतून जेवढा दिसेल तेवढाच तो दिसतो. ही उणीव पुढं गाडगीळांच्याच हातून भरून निघाली. १९३०मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. तिथून पाहणी करणारे लोक खेड्यांत गेले, आणि गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांचा त्यांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही गाडगीळच. कापसाच्या भावावर ज्याचं नशीब झुललं, त्या शेतकऱ्याच्या हातात कारखानाच का देऊ नये, हा प्रश्न प्रबंधात लिहिलेला नाही. पण प्रबंध वाचल्यावर तो सुचल्याशिवाय राहत नाही.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात उसावर किंवा नगरच्या एखाद्या महाविद्यालयात इतिहासावर प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याने हे पुस्तक जरूर मिळवावं. त्यातले काही निष्कर्ष पुढच्या संशोधकांनी तपासले, बदललेही. कारणांना रांगेत उभं करून प्रत्येकाला त्याच्या वजनाइतकीच जागा द्यायची शिस्त मात्र आजही त्याच्याकडूनच शिकावी.