‘कोण’ आणि ‘कसे’ : मराठी ख्रिस्ती विचारातील तारणविषयक वादाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मविचारात तारण ही मध्यवर्ती संकल्पना आहे. तारण कोणाचे होते आणि ते कशाने होते, या दोन प्रश्नांभोवती या धर्माचा जवळजवळ दोन हजार वर्षांचा वैचारिक इतिहास फिरत राहिला आहे. हा इतिहास सामान्यतः युरोपचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मात्र एकोणिसाव्या शतकात हाच वाद मराठी माणसांनी संस्कृत, मराठी व इंग्रजी या तिन्ही भाषांतून मांडला आणि त्याला एक वेगळे वळण दिले. मराठी समीक्षेने या लेखनाची दखल प्रामुख्याने ‘धर्मांतराचे वाङ्मय’ म्हणून, किंवा भाषाशैलीच्या अंगाने घेतली. त्यातील विचारांचा वाद मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या भूमिकांच्या आधारे या वादाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. कोणत्याही धर्ममताचे समर्थन वा खंडन हा या लेखाचा हेतू नाही.

वादाची पार्श्वभूमी

‘कसे’ हा प्रश्न पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्या संघर्षात धारदार झाला. मनुष्य स्वतःच्या सदाचरणाने ईश्वरास पात्र होऊ शकतो, की त्याची इच्छाशक्तीच पापाने दुबळी झाल्यामुळे ईश्वरी कृपेवाचून त्याला गत्यंतर नाही, असा तो पेच होता. इ. स. ४१८ च्या कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसचे मत अमान्य केले. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने केवळ श्रद्धेने तारण हा सिद्धान्त मांडला आणि ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये त्याला उत्तर दिले. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील सभेत प्रॉटेस्टंटांमध्येच ईश्वरी निवडीच्या प्रश्नावर निर्णायक फूट पडली. पुढे १९९९ मध्ये कॅथलिक व लूथरन पंथीयांनी संयुक्त घोषणापत्र काढून या जुन्या तंट्यातील मूलभूत मतैक्य नोंदविले.

‘कोण’ हा प्रश्न त्याहून अवघड होता. चर्चबाहेर तारण नाही, हे सूत्र तिसऱ्या शतकातील सिप्रियनपासून चालत आले. सिप्रियनचा रोख चर्च सोडून फुटून जाणाऱ्यांवर होता. परंतु पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने ते सूत्र अन्यधर्मीयांनाही स्पष्टपणे लागू केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मात्र असे मान्य केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, परंतु जे सद्सद्विवेकानुसार ईश्वराचा शोध घेतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते. थोडक्यात, युरोपीय चर्चला हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने भेडसावण्यासाठी ‘अन्यधर्मीय’ ही व्यक्ती आधी दूरची होती, नंतर शेजारची झाली. मराठी ख्रिस्ती विचारवंतांची स्थिती मुळातच निराळी होती. त्यांच्या बाबतीत अन्यधर्मीय म्हणजे स्वतःचे आईवडील, भावंडे, पती अथवा पत्नी.

मतपरीक्षेचा वाद आणि नीळकंठशास्त्री गोरे

जॉन म्यूर या प्रशासक-पंडिताने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व प्रतिपादन केले. त्याला तीन उत्तरे आली. त्यांपैकी पहिले ‘सोमनाथ’ या नावाने सिहोर येथील ज्योतिषी सुबाजी बापू यांनी दिले. ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ या मराठी ग्रंथाचे कर्तेही तेच होत. निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळे मार्ग ईश्वरानेच योजिले आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपल्या मार्गाने जावे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. दुसरे उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे, आणि तिसरे, सर्वांत प्रखर, काशीनिवासी तरुण चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांचे. त्यांच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथात (१८४४-४५) कर्म व पुनर्जन्म यांच्या आधारे ख्रिस्ती मतातील ईश्वराच्या न्यायीपणावरच प्रश्नचिन्ह उभे केले आहे. एकाच जन्माच्या मर्यादित पापासाठी अनंत शिक्षा कशी न्याय्य ठरते? ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नावच पडले नाही, त्याचा अपराध कोणता?

याच गोरे यांनी १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. हे स्थित्यंतर पाहून अनेक अभ्यासक त्यांच्या आयुष्याचे ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ असे दोन तुकडे करतात. प्रस्तुत लेखकास हे विभाजन पटत नाही. गोरे यांचे उत्तरायुष्य शंकामुक्त नव्हते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. बाप्तिस्म्याने त्यांची निष्ठा बदलली, परंतु त्यांचा प्रश्न रद्द झाला नाही. तो प्रश्न आक्षेपकाचा होता, तो आता श्रद्धावंताचा झाला. आक्षेपकाला उत्तर मिळाले नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. श्रद्धावंताला मात्र त्या प्रश्नासह जगावे लागते. गोरे यांच्या लेखनाचे खरे मूल्य या सातत्यात आहे.

पंडिता रमाबाई : सूत्र आणि अनुभव

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन, डोरोथिया बील आदींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो या वादाचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका घेतल्या आणि चर्चच्या अधिकारापुढे स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास नकार दिला. अँग्लिकन प्रार्थनाग्रंथातील अथनेशियन मतांगीकारात त्रैक्यावर यथासांग श्रद्धा न ठेवणाऱ्यास चिरंतन नाशाची ताकीद आहे. ज्या स्त्रीचे आईवडील तीर्थयात्रा करीत, ईश्वराचा धावा करीत दुष्काळात उपाशी मृत्यू पावले, तिच्यापुढे असे सूत्र ठेवले गेले तेव्हा त्याचा अर्थ काय झाला असेल, हे वाचकाने लक्षात घ्यावयास हवे. रमाबाईंनी हा संबंध पत्रांतून जोडला, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु त्या पत्रांचे वाचन हा संदर्भ वगळून करता येत नाही.

पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, प्रथम त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. तो काही वर्षांनंतर सापडला. येथे टीकाकार दोन गटांत विभागले जातात. काहींना वाँटेजच्या बंडखोर रमाबाई प्रिय वाटतात आणि केडगावच्या भक्तिपर रमाबाई म्हणजे माघार वाटते. काहींना याच्या नेमके उलट वाटते. दोन्ही गट एक गोष्ट विसरतात. धर्मशास्त्रांनी स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचा थेट अधिकार नाकारला, हा रमाबाईंचा मूळ आक्षेप होता. पात्रतेची अटच नसलेली कृपा त्यांना हवी होती. म्हणून ‘ख्रिस्ताद्वारेच तारण’ हे विधान तत्त्वज्ञाला जितके संकुचित वाटते, तितके ते रमाबाईंना वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने मार्ग एकच होता, परंतु त्या मार्गाच्या दारावर जात, लिंग, विद्वत्ता यांची चौकी नव्हती. ‘कसे’ हा प्रश्न त्यांनी अरुंद केला, तो ‘कोण’ हा प्रश्न रुंद करण्यासाठी.

ना. वा. टिळक : दरबाराचे दार

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. मधल्या काळाचे ‘स्मृतिचित्रे’तील वर्णन सर्वपरिचित आहे. पण त्या वर्णनाकडे आपण विनोद, विरह आणि करुणा यांच्या अंगाने पाहतो. धर्मविचाराच्या अंगाने क्वचितच पाहतो. जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नाही, हा लक्ष्मीबाईंचा निर्णय त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी झाला. मग त्यांचा उद्धार नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला? विधीच्या दिवशी, की त्या निर्णयाच्या रात्री? लक्ष्मीबाई हा प्रश्न विचारीत नाहीत, पण त्यांचे निवेदन तो वाचकाच्या हाती देते.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घेण्याची त्यांची कल्पना होती. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची धारणा या कल्पनेशी सुसंगत आहे. टिळकांनी ख्रिस्ताला अनेकांपैकी एक मानले नाही, त्यामुळे त्यांना सर्वधर्मसमभावी ठरविणे चुकीचे होईल. त्यांनी सैल केले ते ख्रिस्तभक्ताच्या समुदायाचे कुंपण. रमाबाईंनी जात आणि लिंग यांची अट काढली. टिळकांनी विधीची अट शिथिल केली. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग अल्पजीवी ठरला. तरीही व्हॅटिकन परिषदेच्या जवळजवळ अर्धशतक आधी एका मराठी कवीने हा विचार आचरणात आणू पाहिला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

एक मर्यादा

येथे एका उणिवेचा निर्देश करणे आवश्यक आहे. वरील सर्व नावे ब्राह्मण कुळांतील आहेत. अहमदनगर व आसपासच्या भागांत ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील लोकांची संख्या मोठी होती. त्यांच्यापैकी अनेकांनी समूहाने, कुटुंबासह धर्म स्वीकारला. तारण म्हणजे मृत्यूनंतरची गती, की गावकुसाबाहेरच्या जिण्यातून सुटका, हा त्यांचा प्रश्न पंडिती वादात फारसा उमटला नाही. मराठीत ‘तारण’ या शब्दाचा कर्जापोटी ठेवलेली वस्तू असाही अर्थ आहे. ज्याच्यापाशी तारण ठेवण्यासारखे काहीच नाही, त्याचे तारण कसे होणार, हा प्रश्न या समाजाच्या बाबतीत केवळ शब्दश्लेष राहत नाही. कृपेच्या सिद्धान्ताचा खरा कस येथे लागतो, आणि आपल्या अभ्यासाचाही.

निष्कर्ष

१) मराठी ख्रिस्ती लेखनातील तारणविचार हा युरोपीय वादाचा प्रतिध्वनी नाही. कर्मसिद्धान्त, मोक्षाचा अधिकार आणि भक्तिपरंपरा या एतद्देशीय संदर्भांतून तो घडला आहे.

२) ‘कोण’ आणि ‘कसे’ हे प्रश्न परस्परावलंबी आहेत. एका प्रश्नाच्या उत्तरातील संकोच हा दुसऱ्याच्या उत्तरातील विस्तार असू शकतो. त्यामुळे ‘उदार’ व ‘कर्मठ’ अशी सरधोपट वर्गवारी अपुरी पडते.

३) गोरे, रमाबाई व टिळक यांच्या चरित्रांचे धर्मांतराच्या रेषेवर दोन तुकडे करण्याची सवय समीक्षेने सोडावयास हवी. या तिघांचेही मूळ प्रश्न ती रेषा ओलांडून पुढे आले आहेत.

४) दलित ख्रिस्ती समाजाची तारणविषयक धारणा गीते, प्रवचने व मौखिक आठवणी यांच्या आधारे अभ्यासली जाणे निकडीचे आहे. आठवणी सांगणारी पिढी फार काळ थांबणार नाही.