खेळाचा आशय आणि त्याची मर्यादा : ‘मारिओ स्ट्रायकर्स : बॅटल लीग’

एखाद्या खेळात ‘आशय अल्प आहे’ असा आक्षेप घेतला जातो, तेव्हा खेळाचा आशय म्हणजे काय, हे प्रथम पाहावयास हवे. बुद्धिबळात ६४ घरे व ३२ मोहरी यांपलीकडे काही नाही; तरीही त्यास कोणी अपुरे म्हणत नाही. निन्टेन्डोच्या ‘स्विच’ यंत्रासाठी कॅनडातील ‘नेक्स्ट लेव्हल गेम्स’ या संस्थेने निर्मिलेल्या व जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मारिओ स्ट्रायकर्स : बॅटल लीग’ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर हाच आक्षेप आला. त्याची येथे तपासणी करावयाची आहे.

खेळाची घडण उत्तम आहे, हे निःसंशय मान्य केले पाहिजे. प्रत्येक बाजूस चार खेळाडू व एक गोलरक्षक. फाऊल नाही, ऑफसाइड नाही. मैदानाभोवती विजेचे कुंपण. प्रतिस्पर्ध्यास त्यावर ढकलता येते. इतकेच नव्हे, तर स्वतःच्या सहकाऱ्यासही धडक देऊन पुढे भिरकावता येते. मैदानावर अवतरणारा तेजोगोल हस्तगत करून निर्विघ्नपणे फटका साधल्यास एकाऐवजी दोन गोल मिळतात. मात्र तो साधताना खेळाडू क्षणभर असहाय असतो. बळ, वेग, फटका, पास व कौशल्य हे पाच गुण चिलखतांनी बदलता येतात. पण एक वाढविला की दुसरा घटतो. लाभ आणि धोका यांचा हा समतोल नियमांतूनच निष्पन्न होतो, आणि खेळातील खरी रंगत तीच होय.

मग उणीव कोठे आहे? प्रारंभी पात्रे केवळ दहा होती. त्याच वर्षी तीन विनामूल्य पुरवण्यांनी ती सोळा झाली. तथापि आक्षेप पुरता शमला नाही. यावरून उणीव संख्येची नव्हे, असे दिसते. एकट्याने खेळणाऱ्यापुढे मुख्यतः सहा चषकस्पर्धा, व त्यानंतर त्यांचेच अधिक कठीण रूप, एवढेच आहे. याच मालिकेतील २००७ च्या खेळात एका ठरावीक बिकट स्थितीपासून सामना सुरू करून तो जिंकण्याची आव्हाने होती. तेथे जुनेच नियम नवा प्रश्न विचारीत. येथे तोच प्रश्न अधिक मोठ्या आवाजात विचारला जातो.

बुद्धिबळास वैविध्य पुरवितो तो प्रतिस्पर्धी. प्रस्तुत खेळातही आठ जण एका यंत्राभोवती जमले, तर हीच अल्प सामग्री पुरून उरते. परंतु प्रतिस्पर्ध्याची जागा यंत्राने घेतली, की विविधता निर्माण करण्याचे दायित्व निर्मात्यावर येते. आणि ते त्याने पुरते पार पाडलेले नाही. पूर्ण किंमत मोजणाऱ्या एकाकी खेळाडूची तक्रार म्हणूनच न्याय्य ठरते. मात्र त्यास अधिक पात्रे देणे हे तिचे उत्तर नव्हे. अधिक पेच देणे, हे आहे.