बाद फेरीची भाकिते : एका नव्या गद्यप्रकाराची तपासणी

दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांवर वार्षिक राशिभविष्य असते आणि अंक हातात आल्यावर पुष्कळ वाचक आधी तिकडेच वळतात, हे संपादकही जाणतात. त्या पानांचे एक चुलत भावंड गेल्या दशकात जगभर वाढले आहे. त्याची तपासणी मराठीत कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून हा लेख. व्यावसायिक ई-स्पोर्ट्समध्ये, विशेषतः गोळीबाराच्या खेळांत, स्पर्धेची बाद फेरी सुरू होण्याआधी कोण जिंकेल हे सांगणारे लेखन मोठ्या प्रमाणात प्रसिद्ध होते. मी भाकितांचा अभ्यास करतो : पावसाची, निवडणुकांची, खेळांची. हा अभ्यास कोणत्याही विद्यापीठात केलेला नाही, त्यामुळे विषयाच्या प्रतिष्ठेची मला काळजी नाही. या लेखनाकडे मी गद्यप्रकार म्हणून पाहतो. त्याला ठरलेली विशेषणे आहेत, ठरलेला सूर आहे, आणि जबाबदारी टाळण्याच्या ठरलेल्या वाटाही आहेत.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये पाच विरुद्ध पाच खेळाडू असतात. एक बाजू बॉम्ब लावू पाहते, दुसरी तो लावू देत नाही. एक डाव जेमतेम दोन मिनिटांचा. अर्ध्यावर बाजू बदलतात. 2023 पर्यंतच्या आवृत्तीत 16 डाव जिंकणारा संघ तो नकाशा, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'मॅप', जिंकत असे. नव्या आवृत्तीत 13 डाव पुरतात. बाद फेरीच्या बहुतेक सामन्यांत तीनपैकी दोन मॅप जिंकावे लागतात. वर्षातून साधारण दोनदा होणाऱ्या सर्वांत मोठ्या स्पर्धेला 'मेजर' म्हणतात. शेवटच्या आठ संघांचा तक्ता लागला की प्रेक्षकही आपापली भाकिते नोंदवतात. खेळाची मालक कंपनी व्हॉल्व्ह त्यासाठी खेळातच सोय देते आणि जास्त बरोबर आली तर आभासी पदक मिळते.

मे 2023 मधली पॅरिसची मेजर घेऊ. जुन्या आवृत्तीची ती शेवटची मेजर होती. नावी आणि जी-टू हे दोन बडे संघ आठांत पोचलेच नाहीत. पोचले ते इंटू द ब्रीच, एपेक्स, मोन्टे आणि गेमरलीजन. स्पर्धा सुरू होण्याआधी या चौघांची नावे एकत्र घेणारा माणूस वेडा ठरला असता. जिंकला मात्र फ्रान्सचाच व्हितालिटी. बाद फेरीत त्याने एकही मॅप गमावला नाही. अंतिम सामन्यात गेमरलीजनला 16-6 आणि 16-13 असे हरवले. आता असे पाहा : तक्ता लागल्यावर व्हितालिटीचे नाव सांगणे फार अवघड नव्हते. घरचे मैदान, झायवूसारखा खेळाडू, आणि सगळ्या मेजर खेळलेला डुप्री संघात. ज्याने व्हितालिटी सांगितले त्याचे भाकीत खरे ठरले असेच म्हटले जाणार. पण त्याच तक्त्यात एपेक्सने लिक्विडला आणि गेमरलीजनने हिरोइकला, दोघांनाही 2-0 असे उडवले. विजेत्याचे एक नाव बरोबर आले की बाकीच्या घरांतली पडझड झाकली जाते. राशिभविष्यातही हेच होते. बारा महिन्यांतला एक जुळतो आणि वाचकाच्या लक्षात तोच राहतो.

या गद्याची विशेषणे तपासण्यासारखी आहेत. संघ 'लयीत' असतो, 'भुकेलेला' असतो, त्याच्यात 'दबाव पेलण्याची ताकद' असते किंवा नसते. यांतले एकही विधान सामन्याआधी मोजता येत नाही, आणि सामन्यानंतर प्रत्येक विधान खरे ठरवता येते. जिंकला तर भूक होती, हरला तर लय तुटली. वाङ्मयीन समीक्षेतही आपण असे शब्द वापरतो, तिथे ते फारसे कोणाच्या जिवावर येत नाहीत. इथे येतात, कारण ते विशी-पंचविशीतल्या मुलांच्या स्वभावाबद्दल असतात.

जानेवारी 2018 च्या बॉस्टन मेजरचा अंतिम सामना या दृष्टीने वाचावा. तिसऱ्या, निर्णायक मॅपवर फेझ संघ 15-11 असा पुढे होता. चारांपैकी एक डाव जिंकला की विजेतेपद त्यांचे. अमेरिकेच्या क्लाउड नाइनने चारही डाव घेतले, सामना जादा डावांत गेला, दोनदा गेला, आणि 22-19 असा संपला. फेझचे खेळाडू मनाने कच्चे, हा निष्कर्ष लगेच तयार झाला आणि वर्षानुवर्षे त्यांच्या नावामागे राहिला. साधे गणित मांडू. प्रत्येक डाव नाणेफेकीसारखा समसमान धरला तरी सलग चार हरण्याची शक्यता सोळात एक. त्यापुढे जादा डाव हरण्याची निम्मी धरली तर बत्तिसात एक. दुर्मीळ खरे, पण एवढी दुर्मीळ गोष्ट घडायला कोणाच्या काळजात खोट असावी लागत नाही. शिवाय डाव एकमेकांपासून सुटेही नसतात. हरणाऱ्याच्या हाती पुढच्या डावाला कमी पैसे, म्हणून कमी प्रतीच्या बंदुका, असे ते चक्र असते. त्यामुळे सलग हरणे नाणेफेकीपेक्षा जास्त वेळा घडते. याच क्लाउड नाइनने त्या स्पर्धेत पहिले दोन सामने हरून मग सलग तीन जिंकत बाद फेरी गाठली होती. तेव्हा त्यांच्या अंगी असलेली लय कोणाला दिसली होती, हे मला अजून कळलेले नाही.

आकडेवाले भाकीतकार यांच्यापेक्षा बरे, हे माझे मत मी लपवत नाही. पण त्यांचीही एक आंधळी कोशिंबीर आहे. संघांची ताकद मोजायला पुष्कळजण एलो पद्धत किंवा तिच्यावरून बेतलेले काहीतरी वापरतात. अर्पाद एलो हे अमेरिकेतले हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक; त्यांनी ही पद्धत बुद्धिबळासाठी रचली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती 1970 मध्ये स्वीकारली. बुद्धिबळात नावामागे एकच माणूस असतो. इथे नावामागे पाच असतात, आणि ते बदलतात. पॅरिसला लवकर गारद झालेल्या नावीने दहा महिन्यांनी, 31 मार्च 2024 रोजी, कोपनहेगनची मेजर जिंकली. पण कोपनहेगनच्या त्या पाचांपैकी पॅरिसला नावीकडून खेळलेला एकटा बिट होता. उरलेल्या चौघांत एक होता आयएम, पॅरिसच्या अंतिम सामन्यात गेमरलीजनकडून हरलेला रुमानियन मुलगा. मग नावीचा जुना गुणांक नेमका कोणाचा? ज्या गेमरलीजनला भाकीतकारांनी अपघात ठरवले, त्याच्यातला एक तुकडा पुढच्या विजेत्यात जाऊन बसला होता, आणि संघनिहाय कोष्टकात तो दिसणे शक्यच नव्हते.

त्या कोपनहेगनच्या अंतिम सामन्याचे आकडे मी अनेकदा पुढे घेऊन बसतो. नावी विरुद्ध फेझ : पहिला मॅप 13-9, दुसरा 2-13, तिसरा 13-3. एकाच संध्याकाळी, त्याच दहा माणसांमध्ये. यांतला बलवान संघ कोणता? प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघ सात मॅपमधून आळीपाळीने काही खोडतात, एकेक निवडतात, आणि उरतो तो तिसरा. सामन्याचा अर्धा निकाल या खोडाखोडीत लपलेला असतो. तरीही बहुतेक भाकिते तिच्याविषयी अवाक्षर काढत नाहीत, कारण तिच्यात गोष्ट सांगण्यासारखे काही नसते. जे थोडे लेखक कोण कुठला मॅप खोडेल इथपासून सुरुवात करतात, त्यांचे लेखन रुक्ष असते. मला तेच वाचनीय वाटते.

मुळात किती बरोबर येणे शक्य आहे, हेही मांडून ठेवू. एखादा संघ दर मॅपला शंभरात 60 वेळा जिंकण्याजोगा असेल, तर तीन मॅपच्या सामन्यात तो सुमारे 65 वेळा जिंकेल. एवढाच फरक. आठ संघांच्या तक्त्यात सात सामने. प्रत्येकात 65 टक्क्यांचा वरचढ संघ असला आणि तुम्ही नेहमी तोच निवडला, तरी सातही बरोबर येण्याची शक्यता जेमतेम 5 टक्के. म्हणजे उत्तम जाणकाराचा पूर्ण तक्ता वीसदा लावला तर एकदा खरा येईल, आणि त्या एका वेळी त्याला द्रष्टा म्हटले जाईल.

भाकीत तपासायची पद्धत नवी नाही. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने 1950 मध्ये ती दिली. तुम्ही 70 टक्के म्हणालात आणि घडले, तर तीन दशांशाचा वर्ग, म्हणजे 0.09 दंड. नाही घडले तर 0.49. नेहमी 50 टक्के म्हणत राहिलात तर प्रत्येक वेळी 0.25. कमी दंड तो खरा जाणकार. यासाठी अट एकच : आकडा आधी लिहून ठेवायचा. आपल्या हवामान खात्याला आपण पावसावरून नावे ठेवतो, पण ते खाते सरासरीच्या इतके टक्के, अधिक-उणे इतके, असे छापून मोकळे होते आणि सप्टेंबरअखेर कोणालाही पडताळता येते. पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगितले. सरासरी यश 46 टक्के. नाणेफेकीने 50 आले असते. त्या चाचणीचे मोल त्या आकड्याइतकेच याही गोष्टीत आहे की त्या 27 जणांनी उत्तरे लेखी दिली. ई-स्पोर्ट्सच्या भाकीतकारांपैकी किती जण गेल्या दहा मेजरच्या आपल्या टक्केवारीची बेरीज देऊ शकतील?

देत नाहीत, याचे एक कारण पैशात आहे. सट्ट्याचा भाव हाही शक्यतेचाच आकडा असतो, फक्त फुगवलेला. समजा एका संघाचा भाव 1.40 आणि दुसऱ्याचा 2.90. त्यांच्या शक्यता अनुक्रमे 71.4 आणि 34.5 टक्के होतात, बेरीज जवळजवळ 106. वरचे सहा दुकानाचे. हे भाव समोर ठेवून, त्यांवर विशेषणांचा मुलामा देऊन लिहिलेला मजकूर जाणकाराचे मत म्हणून खपतो, आणि वाचणारा मुलगा पैसे लावतो. 2014 मध्ये आयबायपॉवर या अमेरिकन संघाने एक सामना जाणूनबुजून घालवला. त्यामागे खेळातल्या आभासी वस्तूंचा सट्टा होता, आणि जानेवारी 2015 मध्ये व्हॉल्व्हने त्यात गुंतलेल्या खेळाडूंना आपल्या स्पर्धांतून बाद केले. कमजोर संघ जिंकण्याला भाकीतकार 'धक्का' म्हणतात. त्या सामन्याचा निकालही कागदावर धक्काच होता.

भारतात ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. सांगली, नांदेड, पणजीची मुले मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळतातच. आता त्यांच्यातल्या काहींना खेळाडू म्हणवून घेता येईल. त्यांच्या सामन्यांवर मराठीत लिहिणारेही लवकरच येतील. त्या लेखकांकडून मला तीन ओळी हव्यात : कोणता मॅप खोडला जाईल, कोणत्या संघाला किती टक्के, आणि मागच्या वेळी हाच लेखक किती टक्के म्हणाला होता.