सीटॅग्ज: व्याख्या सापडली, पण कोणत्या प्रतीतली?

आज आम्हाला एका लहानशा साधनाची समीक्षा करायची आहे. नाव सीटॅग्ज. टर्मिनलवर चालतं, ना खिडकी, ना बटण. काम एकच: अमुक फंक्शनची व्याख्या सोर्स कोडमध्ये कुठे आहे, ते शोधून ठेवायचं. तुम्ही म्हणाल, समीक्षा पुस्तकाची करतात, कमांडची कसली? पण कोड हाही वाचायचाच मजकूर आहे. आणि जे साधन आपल्याला वाचायला मदत करतं, ते आपल्याला वाचनाची एक सवयही लावतं. ती सवय तपासायला हवी.

आधी गुण सांगतो. केन अरनॉल्ड यांनी हे बर्कलीत लिहिलं. १९७९च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या बर्कली युनिक्समध्ये ते होतं. पुढे डॅरन हीबर्ट यांचं एक्झ्युबरंट सीटॅग्ज आलं आणि आज त्याचाच वारसा युनिव्हर्सल सीटॅग्ज चालवतं. रचना बघा किती साधी. सगळा फोल्डर वाचून ते ‘टॅग्ज’ नावाची एक फाइल बनवतं. प्रत्येक ओळीत मुख्यतः तीन गोष्टी: नाव, फाइल, आणि व्याख्येची ओळ जशीच्या तशी. ओळीचा नुसता क्रमांक नाही, ओळीचा मजकूर! त्यामुळे वर दहा ओळी वाढल्या तरी पत्ता चुकत नाही. व्हिममध्ये नावावर कर्सर ठेवा, कंट्रोल दाबून उजवा चौकोनी कंस दाबा, की थेट व्याख्येवर. कंट्रोल-टी, की परत जागेवर.

ग्रेपनेही शोधता येतं, पण ग्रेप नाव जिथे जिथे आलंय ते सगळंच पुढ्यात ओततं. सीटॅग्ज व्याख्या तेवढी वेचतं. आजचे हुशार एडिटर याहून नेमकं सांगतात, मान्य. पण त्यांना बऱ्याचदा कोड कंपाइल कसा होतो ते आधी सांगावं लागतं. ज्याचा कंपायलरही आता मिळत नाही असा जुना कोड सीटॅग्ज बिनतक्रार वाचतं.

आता दोषाकडे येऊ, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नगर जिल्ह्याचं अर्थकारण उसाच्या बिलाशी बांधलं गेलं. समजा, कुठल्यातरी कारखान्यात ऊस बिलाचा सी भाषेतला जुना प्रोग्रॅम आहे. कारखाना काल्पनिकच धरा. त्यात ‘कपात’ नावाचं फंक्शन आहे: तोडणी-वाहतूक, जळीत ऊस, सोसायटीची कर्जवसुली, सगळं तिथे वजा होतं. आधीच्या माणसाने गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी फाइलची एक प्रत काढून त्याच फोल्डरात ठेवलेली आहे. मागच्या हंगामाची आणखी एक. आपण सगळेच असं करतो, हसू नका.

नवा मुलगा येतो, सीटॅग्ज चालवतो, ‘कपात’वर उडी मारतो. तीन व्याख्या आहेत. व्हिम त्याला एकीवर नेऊन सोडतं. इतर दोन आहेत याची सूचना खाली कोपऱ्यात येते, पण तिकडे कोण बघतं? तो मागच्या हंगामाचा दर वाचतो आणि हिशोबनीसाला सांगतो, ‘साहेब, कोडमध्ये असंच आहे.’ खोटं बोलत नाही तो. कोडमध्ये आहेच. फक्त जो कोड चालतो, त्यात नाही. ऊस दिल्यावर चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. त्या घाईत हे वाक्य प्रमाण मानलं, तर चुकीचा आकडा शेतकऱ्याच्या पावतीवर उतरतो.

हा पेच आपल्याला नवा नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. पुढे नकला होत गेल्या, पाठभेद वाढले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. आज आपल्या पोथीमागे कठीण शब्दांची सूची असते: शब्द, अध्याय, ओवी. ती उपयोगी पडते, कारण कुठली प्रत धरायची हा निर्णय कोणीतरी आधी केलेला असतो. चार प्रती एकत्र बांधून त्यांची एकच सूची केली, तर शब्द सापडेल, पाठ सापडणार नाही. सीटॅग्ज ही सूची आहे. ते एकनाथांचं काम करत नाही, आणि तसा दावाही करत नाही.

म्हणून आमचा आक्षेप सूचीवर नाही, उडीवर आहे. टॅग्ज फाइलमध्ये तिन्ही व्याख्या प्रामाणिकपणे नोंदलेल्या असतात. एडिटर एक निवडतो, आणि ती निवड आपल्याला उत्तरासारखी वाटते. उडी इतकी झटपट असते की आपण वाचलं असं वाटतं. प्रत्यक्षात आपण फक्त पोहोचलेलो असतो.

उपाय अवघड नाहीत. जुन्या प्रती फोल्डरातून काढा, गिटमध्ये ठेवा. निदान एक्सक्लूडचा पर्याय देऊन त्या वगळा. उडीऐवजी टीसिलेक्ट वापरा, म्हणजे यादी समोर येते आणि निवड तुम्हाला करावी लागते. कोड बदलला की टॅग्ज पुन्हा बनवा. आणि व्याख्या मिळाल्यावर दुसरा प्रश्न विचारा: हिला बोलावतं कोण? तो सीटॅग्जचा प्रांत नाही. त्याला बेल लॅब्जमध्ये घडलेलं सीस्कोप आहे. ज्या ‘कपात’ला कोणीच बोलावत नाही, ती मेलेली आहे, कितीही नीट लिहिलेली असो.

तर साधन उत्तम आहे, जरूर वापरा. फक्त ‘कोडमध्ये असंच आहे’ म्हणण्याआधी स्वतःला विचारा: कुठल्या प्रतीत? समोरच्या माणसाचं बिल त्यावर ठरणार असतं. एवढं बोलून थांबतो.