ठेकेदाराच्या आड

गाय स्टँडिंग यांच्या ‘द प्रिकॅरिएट’ (२०११) या पुस्तकामुळे अस्थिर रोजगाराला जगभर चालणारे एक नाव मिळाले. स्टँडिंग कामगाराच्या सुरक्षिततेचे सात प्रकार मांडतात: नोकरी टिकणे, उत्पन्नाची शाश्वती, अपघातापासून संरक्षण, संघटनेचा आवाज इत्यादी. यांना पारखा झालेला हा नवा वर्ग, असे त्यांचे म्हणणे. यान ब्रेमन यांनी २०१३ मध्ये त्यावर हरकत घेतली, की भारतासारख्या देशांत बहुसंख्य श्रमिकांना ही सुरक्षितता मुळात होती कधी? हरकत रास्त आहे. पण ‘हे पूर्वापारच आहे’ एवढ्यावर थांबले, तर काळागणिक झालेला बदल नजरेआड होतो.

वर्ध्याचेच पाहा. चरख्यावर सूत कातणारी बाई घरी राबे आणि सुताप्रमाणे पैसे घेई. नोकरी म्हणावी असे त्यात काही नव्हते. तरी ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याच्या बैठकीत अखिल भारतीय चरखा संघाने तिच्या मजुरीची जबाबदारी आपल्यावर घेतली. गांधीजींना आठ तासांचे आठ आणे हवे होते. तेवढे देणे जमले नाही. मजुरी वाढली की खादी महागणार, ही धास्तीही होतीच. पण काम कोण देतो आणि दाम कुणी द्यायचा, याविषयी संदिग्धता नव्हती.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) परिसरात लष्करी दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट झाला. सहा जण गेले. मृतांत ठेकेदाराने लावलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. स्टँडिंग यांच्या यादीत नोकरीची आणि अपघाताची सुरक्षितता वेगवेगळ्या रकान्यांत बसतात. इथे पहिली नसल्यामुळेच माणूस दुसरीही गमावून पेटी उचलायला जातो. (हे कळायला मोठा सिद्धान्त लागत नाही.)

कायद्याने काय केले? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तरतूद होती, की ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती मूळ मालकाने द्यायची. मात्र २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ठरवले, की कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. म्हणजे बुडालेली मजुरी मागता येते, पण नाते सांगता येत नाही.

म्हणून त्या सात रकान्यांत मला आठवा हवा आहे: आपण कुणाचे काम करतो, हे कामगाराला कागदावर दाखवता येते का?