गुप्तहेर पुस्तकातच राहिला

मराठीत रहस्यकथांचा दुष्काळ कधीच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड वाचनालयांतून, स्टॉलवरून हातोहात फिरले. पुढे सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास अशी जिवंत माणसं उभी केली. तरी यांपैकी एकाच्याही नावाची मालिका प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिलेली नाही. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा-दोंडाईच्याच्या घरांत कादंबरीतला गुप्तहेर पडद्यावर आला तो बंगालीतून, हिंदीमार्गे.

बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ १९९३मध्ये दूरदर्शनवर सुरू झाला. त्याचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय मुंबईत चित्रपटांसाठी लिहीत होते, १९५२पासून पुण्यात राहिले आणि उत्तरकाळातल्या बऱ्याच ब्योमकेशकथा त्यांनी तिथेच लिहिल्या. म्हणजे हा सत्यान्वेषी निम्मा आपल्या शेजारचाच.

‘सत्यान्वेषी’ हा भाग आजही पाहावा. कलकत्त्यातली एक मेस, ती चालवणारे होमिओपॅथ डॉक्टर, खोलीत नव्याने राहायला आलेला अतुल नावाचा तरुण. खून होतो तेव्हा संशयित सगळे त्याच छपराखाली जेवणारे. चटर्जी कॅमेरा पळवत नाहीत. रजित कपूरचा ब्योमकेश ऐकत बसतो, आणि आपणही त्याच्याबरोबर ऐकायला लागतो. कोण काय बोललं, कुठे थांबलं, हाच पुरावा. मला ही मालिका थोर वाटते ती या ऐकण्यामुळे.

आपल्याकडे वाट वेगळी पडली. मुंबई दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ने पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर गोष्टी रचल्या. त्याच मालिकेतल्या बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांनी १९९८मध्ये हिंदीत ‘सीआयडी’ सुरू केली. तपास पथकाचा झाला, एकट्या बुद्धीचा राहिला नाही. नंतर रोजच्या मालिकांनी तर रहस्यकथेच्या मुळावरच घाव घातला. ‘खुनी कोण?’ या प्रश्नाला शेवट लागतो आणि रोजच्या मालिकेला शेवट नको असतो. म्हणून ‘देवमाणूस’ने (२०२०) खुनी आधीच दाखवून टाकला. साताऱ्याकडच्या बोलीची गोडी त्या मालिकेत खरोखर होती, पण शोधाचा आनंद नव्हता.

उपाय काय, हे ‘समांतर’ने त्याच वर्षी दाखवलं. सतीश राजवाड्यांनी शिरवळकरांची कादंबरी वेब मालिकेसाठी घेतली आणि मोजक्या भागांत बसवली. तिच्यात गुप्तहेर नाही, पण कुमार महाजनने सुदर्शन चक्रपाणीचा माग काढत जाणं हा अस्सल तपासच आहे. शिरवळकर पडद्यावर चालतात, एवढं त्यातून सिद्ध झालं. मग अमर विश्वास अजून कपाटात का?

आणि आला तर तो पुण्या-मुंबईतच का फिरावा? शिंदखेडा तालुक्यात रहस्यकथेला लागतं ते सगळं आहे: सुरत-भुसावळ लोहमार्गावरची स्टेशनं, दोंडाईच्याचा मिरचीचा व्यापार, कापसाचे पैसे, पलीकडे शिरपूर आणि मध्ये तापी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अहिराणी. इथला माणूस घरात, शेतात, पारावर अहिराणी बोलतो. पोलीस ठाण्याची पायरी चढला की जपून, पुस्तकी मराठीवर येतो. मग दुसऱ्याच प्रश्नाला भानावर नसताना ‘माले माहीत नही’ निघून जातं. कान असलेला तपासनीस नेमका तिथे थांबेल. संवादलेखक मात्र अहिराणी विनोदी नोकरासाठी राखून ठेवतात आणि तपासाचं सोनं हातचं घालवतात.

वाहिन्यांनी अमर विश्वासचं एकच प्रकरण घ्यावं, आठ भागांत संपवावं. धुळ्याचं जिल्हा न्यायालय घ्यावं, साक्षीदार शिंदखेड्याचे घ्यावेत आणि त्यांचे संवाद इथल्याच माणसाकडून लिहून घ्यावेत.